ताग्याला शिशाची मोहोर: युरोपातला कापडबाजार कशाच्या भरवशावर चालत असे?

लंडनमध्ये ओहोटीच्या वेळी थेम्स नदीचा काठ उघडा पडला, की रीतसर परवाना घेतलेली काही मंडळी गुडघे टेकून चिखल न्याहाळत बसतात. त्यांच्या चित्रफिती पाहणाऱ्यांना नाणी, टाचण्या आणि मातीच्या चिलमी यांच्या जोडीला एक वस्तू वारंवार दिसते. तो शिशाचा राखी रंगाचा, ओबडधोबड, रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा असतो आणि त्यावर एखादा मुकुट, दोन अक्षरे किंवा एखादे फळ उमटलेले असते. पाहणारा त्याला झिजलेले नाणे समजतो. प्रत्यक्षात ती कापडाच्या ताग्याला लावलेली मोहोर असते. इंग्लंडमध्ये शेतांत आणि नदीकाठी सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी सरकारी योजना १९९७ पासून चालू आहे आणि तिच्या नोंदवहीत अशा हजारो मोहरा आहेत. हा एवढासा तुकडा का लावीत, तो लावण्याचा अधिकार कोणाला होता, आणि कापडाच्या व्यापारात शतकानुशतके त्याला एवढे महत्त्व का राहिले, हे समजून घेतले तर बाजारातील विश्वास म्हणजे नेमके काय, याचाही बराच उलगडा होतो.

मोहोर बसवीत कशी?

या मोहरांचे अनेक प्रकार होते. सर्वांत जास्त सापडणारा प्रकार दोन चकत्यांचा आहे. साच्यात शिसे ओतून दोन लहान चकत्या आणि त्यांना जोडणारी एक अरुंद पट्टी असा एकसंध तुकडा काढीत. एका चकतीच्या मधोमध बारीक खुंटी असे आणि दुसरीच्या मधोमध भोक. कापडाच्या काठाशी ही पट्टी दुमडली, की एक चकती कापडाच्या वर आणि दुसरी खाली येई. मग खुंटी कापडातून आरपार घालून समोरच्या भोकात बसवीत. इथपर्यंतचे काम आपल्या ब्लाउजच्या टिचबटणासारखेच आहे. पुढची पायरी मात्र वेगळी होती. अधिकाऱ्याजवळ कोरीव ठसे असत. त्या ठशांच्या मध्ये मोहोर धरून हातोड्याचा घाव घातला किंवा सांडशीने दाबले, की खुंटीचे टोक चेपून पसरे आणि त्याच घावात दोन्ही बाजूंवर चिन्ह उमटे. मोहोर बंद होणे आणि तिच्यावर छाप पडणे या दोन गोष्टी एकाच क्षणी होत, आणि या रचनेची सगळी खुबी त्यातच आहे. बंद झालेली मोहोर उघडायची तर खुंटी तोडावी लागे, आणि ती तोडली की मोहोर पुन्हा पहिल्यासारखी बसत नसे.

मोठ्या आणि महाग कापडासाठी चार चकत्यांच्या मोहराही होत्या. त्यांत छापासाठी जास्त जागा मिळे. कित्येक मोहरांवर ठशाच्या छापाखेरीज टोकदार अवजाराने हाताने खरडलेले आकडेही दिसतात. तागा किती यार्डांचा भरला किंवा त्याचे वजन किती झाले, हे तपासनिसाने तिथल्या तिथे लिहून ठेवलेले असे. ठसा सगळ्या ताग्यांसाठी एकच असला तरी खरडलेला आकडा त्या एकाच ताग्याचा असे.

शिसेच का?

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या कोळशाच्या शेगडीवर ते पातळ करता येते आणि दगडी साच्यातही ओतता येते. ते इतके मऊ असते की घावाबरोबर बारीकसारीक नक्षीही उचलते. ते ओलाव्याने गंजून झडत नाही, कारण पृष्ठभागावर तयार होणारा करड्या रंगाचा थर आतल्या धातूचे रक्षण करतो. शिवाय ते स्वस्त होते. इंग्लंडमध्ये तर शिशाच्या खाणी भरपूर होत्या आणि सतराव्या शतकात सुरतेला येणाऱ्या इंग्रजी मालात लोकरी कापडाबरोबर शिसेही असे.

यावर लाख किंवा कागद का वापरला नाही, असे कोणी विचारील. लाखेची मोहोर पत्राला ठीक असते, पण ताग्यांची गासडी आवळून बांधली, घोड्यावर लादली आणि जहाजाच्या तळाशी रचली, की लाखेचे तुकडे होतात. कागद ओलाव्याने गळून पडतो, आणि तो काढून दुसऱ्या मालाला चिकटवणे फारच सोपे. शिशाची मोहोर दाबली जाते, वाकते, पण कापडाला सोडत नाही.

मुळात अशा खुणेची गरज का पडली?

अर्थशास्त्रात ‘माहितीची विषमता’ अशी एक संज्ञा आहे. विकणाऱ्याला मालाविषयी जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते, एवढाच तिचा अर्थ. जॉर्ज ॲकर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की ही विषमता वाढली तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. चांगला कोणता हे ओळखता येत नसल्यामुळे घेणारा सगळ्यालाच कमी भाव देतो आणि त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही. या कामाबद्दल पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

लोकरी कापड या रोगाला विशेष बळी पडणारे होते. विणून झालेले कापड ओले करून तुडवीत, म्हणजे ते आटून घट्ट होई. मग ते लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवीत. ताणणे आवश्यकच असे, नाहीतर कापड सरळ राहत नसे. पण थोडे जास्त ताणले की लांबी आणि पन्हा दोन्ही वाढत, आणि ग्राहकाच्या अंगावर पहिला पाऊस पडला की ते वाढलेले कापड पुन्हा आपल्या मूळ मापावर येई. विरळ विणीत लोकरीचा भुसा किंवा खडूची पूड भरून कापड जाड भासवता येई. काळ्या रंगाखाली निळीचा पक्का हात दिला आहे की नाही, हे नव्या कापडावरून कळत नसे. आपल्याकडच्या पतंग नावाच्या रंगाच्या लाकडासारख्या, अमेरिकेतून येणाऱ्या एका लाकडाच्या रंगाने कापड स्वस्तात काळेभोर दिसे, पण तो रंग उडे, म्हणून इंग्लंडने १५८१ साली त्या लाकडाच्या वापरावर बंदी घातली आणि ती १६६२ पर्यंत राहिली. गासडी लंडनहून निघून बाल्टिक समुद्रावरच्या एखाद्या बंदरात उघडली जाई, तेव्हा विणकर, रंगारी आणि पहिला व्यापारी शेकडो कोस दूर असत. तक्रार कोणाकडे करायची?

तपासणी कोण करी?

इंग्लंडमध्ये राजा रिचर्ड पहिला याने ११९६ साली देशभर कापडाचा पन्हा एकच असावा असे फर्मान काढले. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेत, जिथे राजाच्या अधिकारावर मर्यादा घालणारी मोठमोठी कलमे आहेत, तिथेच दारू आणि धान्य यांच्या मापांबरोबर रंगीत कापडाचा पन्हा काठ सोडून किती असावा हेही लिहिले आहे. शाळेच्या पुस्तकांत या कलमाचा उल्लेख सहसा येत नाही. त्या काळच्या कापडवाल्याला मात्र ते बहुधा सर्वांत जवळचे वाटले असावे.

हे माप तपासणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याला अल्नेजर म्हणत. आपण त्याला कापडाचा मापारी म्हणू. १३५३ साली या मापाऱ्याच्या कामाला नवे वळण लागले. तोवर ठरलेल्या मापात न बसणारे कापड जप्त होत असे आणि परदेशी व्यापारी त्याबद्दल कुरकुर करीत. राजा एडवर्ड तिसरा याने जप्तीची तरतूद काढून टाकली, पण त्याबदली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण ताग्यावर कर बसवला. साध्या रंगाच्या ताग्याला चार पेन्स आणि किरमिजाच्या महाग रंगात पूर्ण रंगवलेल्या ताग्याला सहा पेन्स असा तो कर होता. मापाऱ्याची अर्ध्या पेनीची फी निराळी. म्हणजे चौदाव्या शतकाच्या मध्यापासून मोहोर एकाच वेळी दोन गोष्टी सांगू लागली: कापड तपासले आहे आणि कर भरला आहे. या दोन कामांची एकत्र गाठ बांधणे पुढे फार महागात पडले, त्याकडे येऊच.

इतर देशांत हे काम राजाऐवजी बहुतेक शहर किंवा गिल्ड करी. गिल्ड म्हणजे एका धंद्यातील कारागिरांचा किंवा व्यापाऱ्यांचा संघ, आपल्याकडच्या प्राचीन श्रेणीशी बराचसा मिळताजुळता. हॉलंडमधील लायडन शहराने १६४० साली कापड तपासण्यासाठी स्वतंत्र वाडा बांधला, तो आज संग्रहालय म्हणून उभा आहे. ॲम्स्टरडॅममध्ये रंगवलेल्या कापडाचा दर्जा ठरवण्यासाठी नमुन्यांशी ताडून पाहणारे पाच तपासनीस नेमले जात. या पाच जणांना आपण सगळेच ओळखतो, फक्त ते कोण हे ठाऊक नसते: रेम्ब्रांटने १६६२ साली काढलेल्या एका गाजलेल्या चित्रात काळे कपडे आणि रुंद काठाच्या टोप्या घातलेले जे गृहस्थ टेबलाभोवती बसून आपल्याकडे रोखून पाहतात, ते हेच तपासनीस. मागे उघड्या डोक्याने उभा आहे तो त्यांचा नोकर. पाचांपैकी दोघे कॅथलिक होते आणि उरलेले तिघे तीन वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे. ज्या शतकात धर्मावरून युरोपात रक्ताचे पाट वाहिले, त्याच शतकात निळ्या आणि काळ्या कापडाचा कस ठरवायला हे पाच जण एका टेबलाशी बसत होते. मला तरी हे चित्र त्यातील प्रकाशापेक्षा या कारणासाठी जास्त पाहावेसे वाटते.

एकाच ताग्यावर अनेक मोहरा कशासाठी?

प्रत्येक टप्प्याची जबाबदारी वेगळी असल्यामुळे मोहराही वेगळ्या होत्या. कापड बनवून घेणारा व्यावसायिक आपल्या नावाची आद्याक्षरे आणि खूण असलेली मोहोर लावी. शहराचे तपासनीस त्यांची लावीत. मापाऱ्याच्या मोहरेवर राजमुकुट, गुलाब किंवा किल्ल्याच्या दाराची जाळी अशी राजचिन्हे आणि कित्येकदा परगण्याचे नाव असे. कापड रंगवले, की लंडनच्या रंगाऱ्यांची मोहोर त्यात भर घाली. थोडक्यात, ताग्याचा काठ पाहिला की तो कोणाकोणाच्या हातून गेला हे वाचता येई.

चिन्हे निवडताना अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाचाही विचार केलेला दिसतो. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहर सूत आणि जवसाच्या (लिननच्या) धाग्यांनी मिश्र विणलेल्या जाड कापडासाठी प्रसिद्ध होते. पुढे युरोपातील राजांना कर्ज देणाऱ्या फुगर घराण्याचा पहिला पुरुष या शहरात १३६७ साली आला तो विणकर म्हणूनच. या शहराचे चिन्ह पाइनचे फळ. त्यामुळे एका बाजूला फळ आणि दुसऱ्या बाजूला शहराचे आद्याक्षर असलेल्या मोहरा इंग्लंडमध्ये मोठ्या संख्येने सापडतात, आणि अमेरिकेतील जेम्सटाउन या इंग्रजांच्या १६०७ मधील वसाहतीच्या उत्खननातही सापडल्या आहेत. दक्षिण जर्मनीतल्या या कापडाचे दर्जेही चित्रांनीच ओळखले जात: बैल सर्वांत वरचा, मग सिंह, मग द्राक्षांचा घड आणि शेवटी नुसते अक्षर. खेड्यातल्या शिंप्याला जर्मन वाचता आले नाही तरी बैल आणि द्राक्षे यांतला फरक कळत होता.

खोटी मोहोर करणे अवघड होते का?

मुळीच नाही. शिसे स्वस्त होते, साचा दगडात कोरता येत होता आणि ठसा कोरणारे कारागीर पैशाला मिळत होते. म्हणून तर खोट्या मोहरांविरुद्ध पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले. या प्रश्नाचे खरे उत्तर इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात दोन गावांमध्ये घडलेल्या गोष्टीत सापडते, आणि ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या राजवटीतील धर्मच्छळामुळे फ्लँडर्समधले (आजच्या बेल्जियमच्या बाजूचा प्रदेश) हजारो प्रॉटेस्टंट विणकर इंग्लंडला पळून आले. त्यांच्यापैकी काही कोल्चेस्टर या गावी स्थायिक झाले, काही जवळच्या हॉल्स्टेडला गेले. त्यांनी आपल्याबरोबर हलक्या, मऊ लोकरी कापडाची नवी वीण आणली आणि ते कापड तपासण्याची आपली कडक पद्धतही आणली. कोल्चेस्टरमध्ये त्यांची स्वतःची तपासणीची कचेरी होती. प्रत्येक तागा तिथे न्यावा लागे, दोष आढळला तर विणकराला दंड होई, आणि योग्य ठरला तरच मोहोर लागे. काही वर्षांतच या मोहरेची अशी पत बसली, की स्पेन आणि पोर्तुगालकडे जाणारा हा माल गासडी न उघडता नुसत्या मोहरेच्या भरवशावर विकला जाऊ लागला.

स्थानिक इंग्रज विणकरांना हे खुपले. परक्यांनी येऊन आपल्या मालात खोड्या काढाव्यात, दंड वसूल करावेत, हे त्यांना सहन होईना. हॉल्स्टेडमध्ये तर कटकटी इतक्या वाढल्या, आणि परक्यांच्या मोहरेची नक्कलही अशी होऊ लागली, की १५८९ साली तिथले फ्लेमिश विणकर गाव सोडून कोल्चेस्टरला निघून गेले. आता गावात कापड होते, चाते होते, माग होते आणि वीणही सर्वांना येत होती. पण त्या कापडाला कोणी विचारीना. शेवटी हॉल्स्टेडच्या लोकांनीच, या परक्यांना परत पाठवावे, असा अर्ज सरकारकडे केला. ते परत आले नाहीत.

नक्कल करणाऱ्याने शिशावरचा छाप उचलला, पण त्या छापामागे तागा उलगडून पाहणारा, दोष असेल तर आपल्याच माणसाला दंड करणारा आणि त्यापायी शेजाऱ्यांचा राग ओढवून घेणारा तपासनीस असतो, तो त्याला उचलता आला नाही. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते त्या तपासनिसासाठी.

मग राजाची मोहोर का घसरली?

याच काळात मापाऱ्याच्या राजमोहरेचे जे झाले ते याच्या नेमके उलट होते. तिच्यामागे राजसत्ता होती, शिक्षा होती, देशभर पसरलेले अधिकारी होते. परंतु ती कराची पावतीही होती, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा कर वसूल करण्याचा मक्ता राजाच्या नात्यातल्या लेनॉक्सच्या ड्यूकला मिळाला. मक्तेदार वर्षाची ठरलेली रक्कम भरतो आणि वरचे उत्पन्न स्वतःकडे ठेवतो, ही पद्धत आपल्याकडे इजारा या नावाने चांगलीच परिचित आहे. इजारदाराला तपासणीत वेळ घालवण्याचे काही कारण नसते. जितक्या मोहरा खपतील तितका त्याचा फायदा. साहजिकच त्याच्या हाताखालचे लोक कापड न पाहताच मोहरा घाऊक भावाने विकतात आणि कापडवाले त्या घरी नेऊन स्वतःच लावतात, अशी ओरड सुरू झाली. मोहोर खरी होती, सरकारी होती, तिच्यावर मुकुटही होता. ती फक्त काही सांगत नव्हती.

मापाऱ्याचे पद इंग्लंडमध्ये शेवटी रद्द झाले, तेव्हा त्याच्यासाठी फारसे कोणी अश्रू ढाळल्याचे दिसत नाही.

ही सारी धंदेवाल्यांची मक्तेदारी नव्हती का?

हा आक्षेप हलका नाही. शेलाघ ओगिल्वी या आर्थिक इतिहासकार बाईंनी जर्मनीतील वुर्टेंबर्गच्या विणकर संघांचे दप्तर तपासून असा निष्कर्ष काढला आहे, की गिल्डचे नियम मुख्यतः सभासदांचा फायदा पाहत. दर्जाचे नाव पुढे करून ते नव्या लोकांना, विशेषतः स्त्रियांना आणि बाहेरच्यांना धंद्यात येऊ देत नसत. दुसऱ्या बाजूने स्टीफन एपस्टीन यांच्यासारखे इतिहासकार म्हणत, की शिकाऊ कारागिरांना कौशल्य शिकवण्याची त्या काळी याहून चांगली यंत्रणा नव्हती.

या वादात मला ॲडम स्मिथचे मत सर्वांत उपयोगी वाटते, कारण गिल्डचा त्याच्याइतका कडवा टीकाकार दुसरा नसेल. १७७६ साली त्याने लिहिले, की चांदीच्या भांड्यावरची आणि कापडावरची छाप घेणाऱ्याला जी खात्री देते, ती सात वर्षांच्या सक्तीच्या उमेदवारीचा कोणताही कायदा देत नाही. माणूस ती छाप पाहतो, कारागिराने उमेदवारी पुरी केली होती का हे कोणी विचारीत बसत नाही. नाणी पाडणाऱ्या टांकसाळीचे कामही त्याने कापडाच्या मापाऱ्याच्या कामाच्याच जातीचे ठरवले आहे. म्हणजे कोणी विणावे यावर निर्बंध घालणे ही एक गोष्ट, आणि विणलेले कसे उतरले ते जाहीर करणे ही दुसरी. पहिलीने मक्तेदारी येते. दुसरीने येईलच असे नाही, मात्र दोन्ही अधिकार एकाच संघाच्या हाती असले तर ती येण्यास वेळ लागत नाही, आणि युरोपातल्या पुष्कळ शहरांत ते एकाच हाती होते, हेही खरे.

आपल्याकडे या मोहरा आल्या का?

आल्या. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने विलायतेहून आणलेल्या मालात लोकरी कापड प्रमुख होते. मराठीत त्याला सकलाद म्हणत. आपल्या हवेत त्याचे अंगरखे कोण घालणार? त्यामुळे त्याचा खप हत्तींच्या झुली, खोगिरे आणि पालख्यांची आच्छादने अशा कामांपुरता राहिला आणि कंपनीच्या वखारींत ते कित्येकदा पडून राही. या कंपनीच्या मालावर जी खूण असे ती शिशाच्या मोहरांवरही आढळते: पत्त्यांतल्या बदामासारख्या एका आकृतीचे चार भाग, त्यांत कंपनीची चार आद्याक्षरे आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह. मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅममध्ये मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात पाडलेली १७९१ ची तांब्याची नाणी ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी ती उलटून पाहावीत. एका बाजूला हीच गासडीवरची खूण आहे आणि दुसऱ्या बाजूला तराजू, त्याच्याखाली फार्सीत ‘अदल’, म्हणजे न्याय. कापडाच्या गासडीची खूण थेट चलनावर आलेली अशी उदाहरणे थोडी आहेत.

फ्रान्समध्ये प्रवाह उलटा होता. हिंदुस्थानी छापील सुती कापडाने तिथल्या विणकरांचा धंदा बुडतो म्हणून १६८६ ते १७५९ या काळात अशा कापडावर बंदी होती, पण फ्रेंचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने आणलेली पांढरी मलमल आणि साधे सुती कापड विकण्याची परवानगी असे. तेव्हा परवानगीचा माल आणि चोरटा माल वेगळा ओळखण्यासाठी कंपनीच्या ताग्यांना शिशाची मोहोर आणि चर्मपत्राची चिठ्ठी लावावी लागे. उत्तर अमेरिकेत फ्रेंचांच्या जुन्या गढ्यांच्या उत्खननात फ्रेंच कापडाच्या मोहरा भरपूर मिळाल्या आहेत, आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी होणाऱ्या केसाळ कातड्यांच्या व्यापारात कोणत्या गावचे कापड जात होते, हे त्यांवरून ठरवता येते.

पद्धत संपली, मग तिची जागा कोणी घेतली?

कोल्चेस्टरची कचेरी १७२८ मध्ये बंद झाली. पुढे सूतगिरण्या आल्या. यंत्रावर निघणारा एक तागा दुसऱ्यासारखाच असतो, त्यामुळे प्रत्येक तागा उलगडून पाहण्याऐवजी तो कोणत्या गिरणीचा आहे एवढे कळले की पुरे झाले. खात्रीचा भार तपासनिसाकडून उत्पादकाच्या नावावर गेला. ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली. मँचेस्टरहून मुंबईच्या बाजारात येणाऱ्या ताग्यांवर देवदेवतांची रंगीत तिकिटे चिकटवलेली असत, ती याच नव्या व्यवस्थेची. तरीही जुनी तक्रार पूर्ण गेली नव्हती. १८८९ साली हिंदुस्थानात मालावरील खुणांविषयीचा जो कायदा झाला, त्यात गिरणीच्या ताग्यावर त्याची लांबी यार्डांत छापलीच पाहिजे असे कलम घालावे लागले. मॅग्ना कार्टात पन्हा, इथे लांबी.

शिशाची मोहोर स्वतः मात्र कापड सोडून दुसरीकडे गेली. तार ओवून चिमट्याने दाबलेला शिशाचा मणी अजूनही वजनकाट्यांवर आणि जुन्या टॅक्सींच्या मीटरवर दिसतो. वैधमापन निरीक्षकाने तपासणी करून लावलेली ती मोहोर असते, आणि ती तुटलेली दिसली तर काट्यात हात घातला गेला असे समजायचे, हा नियम चौदाव्या शतकातलाच आहे.

मोहोर सापडली तर तीत काय पाहायचे?

ताग्याचे टोक शेवटी शिंपी कापून टाकी, म्हणून मोहरा कचऱ्यात जात आणि कचऱ्यातून नदीत. शेतांत त्या येण्याचे एक कारण असे, की लोकरीच्या चिंध्या खत म्हणून जमिनीत घालीत आणि त्यांच्याबरोबर मोहराही जात. अभ्यासक आधी वरचा छाप वाचतात, पण त्याहून मोलाची गोष्ट आतल्या बाजूला असते. घाव बसला त्या क्षणी मऊ शिशात कापडाची वीण उमटलेली असते. कापड केव्हाच कुजून गेलेले असले, तरी भिंगाखाली ताणा आणि बाणा वेगळे दिसतात, एका सेंटिमीटरमध्ये किती धागे होते ते मोजता येतात, वीण साधी की तिरकी हे सांगता येते. क्वचित चकत्यांच्या फटीत खरा धागाही अडकून राहिलेला मिळतो आणि त्याचा रंग प्रयोगशाळेत तपासता येतो. लंडनचे पुरातत्त्वज्ञ जेफ इगन यांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत अशा मोहरांच्या वर्गीकरणाचे जे काम केले, त्याच्या आधारावरच आज एखादा मुकुट किंवा पाइनचे फळ पाहून गाव आणि शतक सांगता येते.

म्हणून ज्यांच्याकडे अशी वस्तू येईल त्यांनी ती घासून चकचकीत करू नये, चिंच किंवा लिंबू लावू नये आणि उत्सुकतेपोटी चकत्या विलग तर मुळीच करू नयेत, कारण आम्लाने शिसे खाल्ले जाते आणि विलग करताना वाकलेल्या शिशाबरोबर आतली वीणही पुसली जाते. थेम्सकाठी शोध घेण्याचा परवाना देणाऱ्या बंदर प्राधिकरणाची अट आहे, की तीनशे वर्षांहून जुनी वस्तू मिळाली तर नोंदणी अधिकाऱ्याला दाखवावी. आपल्याकडे जमिनीत पुरलेल्या मूल्यवान वस्तूंसाठी १८७८ चा निखातनिधी कायदा लागू आहे आणि त्यानुसार खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.